मेंदू-संशोधकाचं काम सायटेशनच्या आकड्यावरून कळतं का? (जॉन ओकीफ यांची यादी वाचताना)

कार्डकपाट (धागालेखक)

मंडळी, माझी भाची न्यूरोसायन्समध्ये पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करून आता सहायक प्राध्यापकाच्या जागांसाठी अर्ज करते आहे. गेल्या आठवड्यात तिने एका संस्थेचा फॉर्म मला पाठवला. त्यात चार चौकटी होत्या: एकूण सायटेशन (आपल्या लेखांना इतरांनी दिलेले हवाले), एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स (निदान दहा हवाले मिळालेले लेख किती) आणि सगळ्या जर्नल्सच्या इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलमधल्या लेखाला सरासरी किती हवाले मिळतात त्या आकड्याची) बेरीज. तुम्ही नेमकं काय शोधलंत, हे विचारणारी चौकट शोधूनही सापडली नाही. "मामा, नऊ वर्षं उंदरांबरोबर काढली आणि या फॉर्मात मी म्हणजे नुसती सात," असं ती फोनवर म्हणाली. सात हा तिचा एच-इंडेक्स. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी अठ्ठावीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली. सायटेशन मोजून द्यायचं काम माझ्याकडेच असायचं. तेव्हा संगणक नव्हता, 'सायन्स सायटेशन इंडेक्स'चे छापील खंड होते. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये ते काढायला सुरुवात केली. एकेक खंड दोन्ही हातांनी उचलावा लागे. कागद टेलिफोन डिरेक्टरीसारखा पातळ आणि अक्षर तिच्याहून बारीक, त्यामुळे माझ्या टेबलावर कायम एक भिंग असायचं. मूळ लेखकाचं आडनाव, त्याखाली वर्ष, जर्नलचं तोडकं नाव, खंड, पान आणि त्याखाली त्या लेखाचा हवाला देणाऱ्यांची रांग. बोट ठेवून एकेक ओळ मोजायची. गारफिल्ड यांचा मूळ हेतू कोण मोठा, कोण लहान हे ठरवायचा नव्हता. एखादी कल्पना कुठून निघाली आणि पुढे कुठे कुठे गेली याचा माग काढता यावा, यासाठी ते साधन होतं. माग काढणाऱ्याला ते आजही सोन्यासारखं आहे.

भाचीला समजवायला मी जॉन ओकीफ यांची प्रकाशनांची यादी घेतली. तिचाही विषय हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी जोडलेला भाग, म्हणून. ओकीफ १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मले, १९६७ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून पीएचडी झाले, त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि तिथलेच झाले. १९७१ मध्ये त्यांनी जोनाथन डोस्ट्रॉव्स्की या विद्यार्थ्याबरोबर 'ब्रेन रिसर्च'मध्ये एक छोटं टिपण छापलं. खंड ३४, पान १७१ ते १७५. अवघी पाच पानं.

त्या पाच पानांत काय आहे? मोकळ्या फिरणाऱ्या २३ उंदरांच्या मेंदूतल्या ७६ पेशींची नोंद. त्यातल्या फक्त आठ पेशी अशा निघाल्या, की उंदीर मंचावरच्या एका ठरावीक जागी, ठरावीक दिशेला तोंड करून असला की त्या जोरात बोलू लागत, म्हणजे विद्युतसंदेश सोडू लागत. शहात्तरात आठ! शीर्षकातच 'प्राथमिक पुरावा' असे शब्द आहेत. एवढ्या भांडवलावर ओकीफ म्हणाले, की मेंदूचा हा भाग जागेचा नकाशा सांभाळतो. सुरुवातीला बऱ्याच जणांनी शंका घेतली. १९७६ मध्ये त्यांनी सविस्तर पेपर लिहिला, १९७८ मध्ये लिन नेडल यांच्याबरोबर पाचशेहून जास्त पानांचं पुस्तक काढलं आणि १९९३ मध्ये मायकल रेसी यांच्याबरोबर दाखवलं, की या पेशी मेंदूतल्या थीटा लयीच्या (एका तालात उठणाऱ्या विद्युत लहरींच्या) तुलनेत कोणत्या क्षणी बोलतात यातूनही जागा कळते. २०१४ मध्ये नोबेल मिळालं. निम्मं त्यांना, निम्मं मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना. पाच पानांपासून नोबेलपर्यंत ४३ वर्षं.

आता हा माणूस १९७५ साली माझ्या भाचीच्या फॉर्मसमोर बसला असता तर त्याने त्या चार चौकटींत काय लिहिलं असतं?

माझं म्हणणं एवढंच. सायटेशन खोटं नसतं, पण ते फार उशिरा येतं. आणि आकडा लेखाचा असतो, तो आपण माणसाच्या कपाळावर चिकटवतो. तुमचे अनुभव लिहा. संशोधनातले लोक इथे बरेच आहेत हे मला ठाऊक आहे.

कृष्णाकाठ

काका, लेख आवडला. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे अगदी पहिलीपासून विचारते. हा एच-इंडेक्स काढतात कसा? आणि सात म्हणजे कमी की जास्त?

कार्डकपाट

ताई, चांगलं विचारलंत. सगळे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. समजा पाच पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे १००, ४०, १२, ४ आणि ३ सायटेशन आहेत. चौथ्या पेपरला निदान चार आहेत, पण पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स चार. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे मोजमाप सुचवलं.

यात गंमत बघा. पहिल्या पेपरला १०० ऐवजी दहा हजार सायटेशन मिळाली तरी एच-इंडेक्स चारच राहतो. आणि ज्याचे मुळात चारच पेपर आहेत त्याचा चाराच्या वर कधीच जात नाही, मग ते चार कसेही असोत. वय वाढतं तसा तो वाढतो, कमी कधीच होत नाही. सात कमी की जास्त, ते वय आणि शाखा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आपल्या मोजमापाचे वाईट परिणामही होऊ शकतात, असं २०२० मध्ये खुद्द हिर्श यांनीच लिहिलं.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत न्यूरोसायन्समध्येच पोस्टडॉक आहे, म्हणून राहवत नाही.

काका, ओकीफ यांच्या १९७८ च्या पुस्तकाबद्दल एक भर घाला. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगा आला की त्याला आधी ते पुस्तक वाचायला देतात. आता ते इंटरनेटवर मोफत मिळतं. पण वेब ऑफ सायन्स या हवाल्यांच्या ऑनलाइन सूचीचा नेहमीचा रिपोर्ट काढला तर एच-इंडेक्स जर्नलमधल्या लेखांवरून निघतो. असं जुनं पुस्तक त्यात येत नाही, वेगळ्या शोधात हाताने काढावं लागतं. गूगल स्कॉलर पुस्तक धरतं. म्हणजे एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे, आणि फॉर्मवर कुठला लिहायचा ते कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे सायटेशन कशाला मिळतं ते बघा. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक हवाले मिळालेला पेपर १९५१ सालचा आहे, लाउरी आणि सहकाऱ्यांचा. नमुन्यात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. तीन लाखांच्या वर सायटेशन. डीएनएच्या रचनेचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा पेपर पहिल्या शंभरातही नाही. 'नेचर'ने २०१४ मध्ये ती यादी छापली होती. याचं कारण सोपं आहे. पद्धत वापरली की तिचा हवाला द्यावाच लागतो. शोध मात्र एकदा पाठ्यपुस्तकात गेला की कुणी त्याचा हवाला देत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतून विद्युतसंदेश कसा जातो त्याची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या ब्रन्सविगा यंत्रावर आकडेमोड केली. आज ती समीकरणं न वापरणारा आमच्यात विरळा. पण 'अॅक्शन पोटेन्शियल' (तोच विद्युतसंदेश) हा शब्द लिहिणारा दरवेळी १९५२ चा पेपर थोडाच जोडतो?

ओकीफ यांच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल फ्रिस्टन आहेत. त्यांचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवर अडीचशेच्या वर आहे. माणूस थोर, यात शंका नाही. पण मेंदूच्या स्कॅनचं विश्लेषण करायची त्यांची एसपीएम पद्धत जगभरच्या लॅब वापरतात, हेही त्या आकड्यात आहे. आता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शुभा टोळे गर्भावस्थेत मेंदू कसा घडत जातो यावर काम करतात. २०१४ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं. त्या शाखेत माणसंच मोजकी, मग हवाले देणारे कुठून येणार? हे आकडे शेजारी शेजारी मांडून कोण मोठं हे ठरवणं म्हणजे आंबे आणि भुईमूग एकाच मापाने मोजणं.

टेकडीचा_रस्ता

मी दुसरी बाजू मांडतो. मी विद्यापीठात प्राध्यापक आहे आणि निवड समित्यांवर बसलो आहे.

एका जागेला १६० अर्ज येतात. समितीत पाच माणसं, त्यातला त्या उपशाखेचा जाणकार एखादा. प्रत्येकाचे तीन पेपर वाचायचे म्हटले तर ४८० पेपर होतात. कधी वाचणार? आणि आकड्यांच्या आधी काय होतं ते मी पाहिलं आहे. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचा फोन आला, कोण कुठल्या गटातला. मी स्वतः लहान गावातून आलो. माझा गाईड कुणाच्या ओळखीचा नव्हता. पहिली नोकरी मला मिळाली ती माझ्या पेपरांना परदेशात हवाले मिळाले होते म्हणून. तो आकडा नसता तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. आकड्याला वाईट म्हणताना, आमच्यासारख्यांना त्याने हात दिला हे विसरू नका.

कार्डकपाट

सर, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. मीही अशा वशिल्याच्या गोष्टी जवळून पाहिल्या आहेत आणि आकड्याने काही गुणी मुलं वर आलेलीही पाहिली आहेत. १६० मधून वीस निवडायला आकडा वापरा, त्याला माझी हरकत नाही. पण उरलेल्या वीस जणांचं एकेक काम तरी उघडून वाचा. साठ पेपर नको, वीसच. माझं दुःख हे आहे, की शेवटच्या पाचांतही कुणी पेपर उघडत नाही. मी मोजून दिलेले कागद टेबलावर फिरायचे आणि त्यावरच सही व्हायची. मी कधी बोललो नाही. ग्रंथपालाला कोण विचारतो, असं तेव्हा वाटायचं. बोलायला हवं होतं.

अबोली

नावाच्या घोळाबद्दल कुणीच लिहिलं नाही! माझे पहिले चार पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, पुढचे सासरच्या. गूगल स्कॉलरने माझ्या दोन बाया केल्या. एकीचा एच-इंडेक्स चार, दुसरीचा पाच. आणि माहेरचं नाव 'जोशी एस'. तिथे माझ्या खात्यात हाडांच्या शस्त्रक्रियेचे आणि कापसावरच्या बोंडअळीचे पेपर येऊन बसले होते. ते काढायला एक अख्खा रविवार गेला.

कार्डकपाट

अबोलीताई, जोशी एस, पाटील एस, कुलकर्णी ए. या तीन नावांनी माझे डोळे गेले म्हटलं तरी चालेल. छापील खंडात याहून मोठा अन्याय होता. हवाल्यांची रांग फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली लागायची. ओकीफ यांचं टिपण ओकीफ यांच्या नावाखाली सापडे, डोस्ट्रॉव्स्की यांच्या नावाखाली काहीच नाही. मोझर दांपत्याच्या लॅबमधून २००५ मध्ये 'नेचर'मध्ये ग्रिड पेशींचा (जागेचं जाळं आखणाऱ्या पेशींचा) जो पेपर आला, त्याचे पहिले लेखक हाफ्टिंग आहेत. जुन्या पद्धतीत 'मोझर' उघडून बसलात तर तो हाती लागलाच नसता.

तुम्ही ऑर्किड क्रमांक घेतला आहे ना? २०१२ पासून ती सोय आहे. माणसाला एक कायमचा क्रमांक, आडनाव काहीही असो. नसेल तर आजच घ्या.

ऱ्हाईनकाठ

काका, पहिल्या लेखकाचं निघालं म्हणून ब्रेंडा मिलनर यांच्याबद्दल लिहितो. आमच्या विषयातली सगळ्यात प्रसिद्ध रुग्णकथा १९५७ च्या पेपरात आहे. एच. एम. हा रुग्ण. १९५३ मध्ये अपस्मारावर इलाज म्हणून त्याच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बरेचसे काढले आणि त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. पेपरचे पहिले लेखक शल्यचिकित्सक स्कोव्हिल. रुग्णाच्या तासन् तास चाचण्या घेणाऱ्या मिलनर दुसऱ्या. म्हणजे तुमच्या छापील खंडात मिलनर यांचं सगळ्यात गाजलेलं काम त्यांच्या नावाखाली नसणार.

पुढची गोष्ट मला याहून मोठी वाटते. मिलनर यांनी एच. एम. ला एक तारा दिला. दुहेरी रेघांचा, कागदावर छापलेला. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हात उलटा जातो, रेघ सुटते, आपलंही तसंच होतं. तीन दिवस त्याच्याकडून हे करून घेतलं. रोज त्याच्या चुका कमी होत गेल्या. आणि रोज त्याला वाटायचं, की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं! स्मरणशक्ती एकच नसते, तिचे वेगवेगळे प्रकार मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असतात, हे त्या ताऱ्याने दाखवलं. हे छापलं कुठे? १९६२ मध्ये, पॅरिसहून निघालेल्या एका परिसंवादाच्या पुस्तकात, फ्रेंच भाषेत. इम्पॅक्ट फॅक्टर? त्या पुस्तकाला असणार तरी कुठून.

२०१४ चं काव्हली पारितोषिक मिलनर, ओकीफ आणि मार्कस रेकल या तिघांना मिळून मिळालं. मिलनर तेव्हा नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

कृष्णाकाठ

ताऱ्याचं वाचून मुलाला बसवलं आरशासमोर. पहिल्या वेळी सतरा वेळा रेघ सुटली, चौथ्या वेळी सहा वेळा. दोघांनाही फार मजा आली. असं आणखी लिहा.

मोसंबीबाग

मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मोठ्या लोकांची चर्चा चालली आहे, आमच्याकडचं सांगतो.

२०१० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एपीआय गुण, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत, आणले आणि बढती पेपरांच्या संख्येवर आली. आमच्या कॉलेजात ना लॅब, ना जर्नल्स. आठवड्याला अठरा तास शिकवणं, वर निवडणुकीची ड्यूटी. मग ईमेल यायला लागल्या: पैसे भरा, आठवड्यात पेपर छापतो. मीही एकदा भरले. अडीच हजार रुपये. पेपर छापून आला तेव्हा त्यात माझंच नाव चुकलं होतं, आणि कुणी तपासल्याची एकही खूण नव्हती. तो पेपर मी नंतर यादीतून काढून टाकला. आजही त्याची लाज वाटते. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीच्या यादीतल्या जर्नल्सची तपासणी छापली. विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्समधली बहुतेक त्यांच्या निकषांवर उतरली नाहीत. मग केअर ही मान्य जर्नल्सची नवी यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता जर्नल पारखायचं काम संस्थांवर आलं आहे. पारखणार कोण, हा प्रश्न माझ्या कॉलेजात अजून तसाच आहे.

पावसाळी_ढग

मी न्यूरॉलॉजी ओपीडीत बसतो. एक गोष्ट नातेवाइकांसाठी लिहितो, कारण त्यांना हे पेपर व्हॉट्सअॅपवर मिळतात.

अल्झायमरवर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातून एक पेपर आला होता. एका विशिष्ट अमिलॉइड प्रथिनामुळे उंदरांची स्मृती जाते, असा दावा. त्याला दोन हजारांच्या वर हवाले मिळाले. २०२२ मध्ये 'सायन्स'ने त्यातल्या चित्रांबद्दलच्या शंका उघड केल्या आणि जून २०२४ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. तोपर्यंत अठरा वर्षं गेली होती. म्हणजे 'दोन हजार लोकांनी हवाला दिला' याचा अर्थ 'दोन हजार लोकांनी पडताळून पाहिलं' असा नव्हे. आईला काय झालंय हे कळावं म्हणून रात्र रात्र वाचणारी मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांना हा फरक समजावून सांगताना जीव तुटतो.

टेकडीचा_रस्ता

@पावसाळी_ढग, आणि मागे घेतलेल्या पेपरची सायटेशन गूगल स्कॉलरच्या बेरजेत तशीच राहतात. समितीत हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

@कार्डकपाट, तुमचं 'वीस पेपर' डोक्यात राहिलं. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही हेच आहे: जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम ठरवू नका. मी तो वाचला होता, वापरला नव्हता. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुलाखती आहेत. प्रत्येक उमेदवाराने स्वतः निवडलेला एक पेपर समितीतल्या एकाने आधी वाचून यायचं, असं मी लेखी सुचवलं आहे. दोघांनी होकार दिला आहे, एकाने नकार. उरलेल्यांचं बघू.

कार्डकपाट

सर, फार बरं वाटलं.

भाचीचं सांगतो. तिने तो फॉर्म आकड्यांसह भरला, कारण चौकटी रिकाम्या ठेवल्या तर संगणक पुढे जाऊ देत नाही. सोबत एक पानाचं टिपण जोडलं. तीन पेपर, प्रत्येकी पाच ओळी: प्रश्न काय होता, स्वतः काय केलं, काय सापडलं, काय चुकलं. 'काय चुकलं' लिहायला ती घाबरत होती. मी म्हटलं, ओकीफ यांनी शीर्षकातच 'प्राथमिक' लिहिलं होतं, तू पोटात लिही.

आणि अबोलीताईंचं वाचून तिने आपली ऑर्किडची पानं तपासली. तिचे दोन पेपर दुसऱ्याच एका 'देशपांडे एम' यांच्या खात्यात गेले होते. एक तर तिच्या पहिल्या वर्षीचा, ज्यासाठी ती दिवाळीला घरी आली नव्हती. आता तो तिच्या नावावर आला आहे.